आईच्या लुगड्यांची गोधडी : हातची, मशीनची की कुरिअरने येणारी?

गेलेल्या आईच्या, आजीच्या लुगड्यांची गोधडी शिवून देणारे आज तीन तऱ्हेचे लोक भेटतात. एक, गावातल्या बायका, एकट्या नाहीतर बचत गटातून, हाताने धावदोरा घालणाऱ्या. दुसरे, शहरातले गादीवाले आणि शिंपी, मशीनवर काम करणारे. तिसरे, मोबाइलवर ऑर्डर घेऊन कुरिअरने कपडे मागवणारे. तिन्हीकडचं काम उसवून, धुऊन, उजेडात धरून पाहिलं तर निकाल सरळ आहे. हातची गोधडी पहिली. अस्तर लावून केलेली मशीनची दुसरी. कुरिअरची तेव्हाच, जेव्हा तुम्ही परदेशात आहात आणि गावाकडे विचारायला कोणी उरलेलं नाही.

पण वाईट गोधड्यांपैकी बऱ्याच शिवणाऱ्याच्या हातून बिघडलेल्या नसतात. त्या घरातच बिघडतात, कपडे निवडताना.

ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या, जन्मभर शेतात राबलेल्या बाईची ट्रंक उघडली की वरच्या थराला आहेराची पातळं सापडतात. लेकीच्या दिराच्या लग्नातलं, भाच्याच्या वास्तुशांतीचं, काहींवर दुकानाची चिठ्ठीसुद्धा तशीच. बहुतेक पॉलिस्टर नाहीतर नायलॉन. मुलं हीच उचलतात, कारण ती धड आहेत आणि फोटोत उठून दिसतात. बाईने ती आयुष्यात एकदाही अंगाला लावलेली नसतात. पुढच्या आहेराला फिरवायला ठेवलेली असतात. यांची गोधडी शिवली तर ती आहेराची गोधडी होते, आईची नव्हे. शिवाय पॉलिस्टरवर सुती दोरा धरत नाही, थर एकमेकांवरून सरकतात, आणि पहिल्या धुण्यात आतलं सूत आटतं नि वरचं पॉलिस्टर आटत नाही, म्हणून सगळीकडे फुगे येतात. रोजची सुती नऊवारी खालच्या थराला असतात, आणि शेवटी वापरातली दोन-तीन तर ट्रंकेत नसतातच. दांडीवर, अंथरुणात, नाहीतर कोणीतरी फरशी पुसायला घेतलेली. ती आधी गोळा करा. तेराव्याच्या आत करा, कारण त्यानंतर कपडे वाटले जातात किंवा नदीला सोडले जातात, आणि वर्षश्राद्धाला गोधडीची आठवण झाली तरी हातात आहेराची पातळंच उरलेली असतात. ‘गेलेल्या माणसाचं अंगावर कसं घ्यायचं’ असं घरात कोणी म्हणालंच, तर त्यांना एवढंच सांगावं की पूर्वीच्या वाकळांत, म्हणजे जाड गोधड्यांत, पणजीचं लुगडं, आजोबांचं धोतर आणि चुलत्याचा पटका एकत्रच शिवलेला असायचा. त्या वाकळेवर सगळं घर वाढलं.

आता कापड. नऊवारी लुगडं उजेडासमोर धरा, खिडकीत नाहीतर ट्यूबलाइटसमोर. ते एकसारखं विरत नाही, आणि कुठे विरलंय त्यावरून बाईने काय काम केलं ते दिसतं. खालचा काठ आणि त्याच्या वरची वीतभर पट्टी आधी जाते, कारण दवातून, चिखलातून, उसाच्या पाचटातून तीच फिरते. मग कासोट्याचा भाग, निंदायला-खुरपायला उकिडवं बसून ताणलेला. ओचा करून ज्यात शेंगा, मिरच्या, कापसाची बोंडं भरली जात, तो पुढचा भाग जाळीसारखा झालेला असतो. खांद्यावरचा पदर पाटीच्या ओझ्याने घासलेला. चुलीसमोरचं लुगडं असेल तर मांडीच्या जागी ठिणग्यांची बारीक भोकं, कडेला काळी, ज्वारीच्या दाण्याएवढी. हाताला धड लागणारं कापड बऱ्याचदा आतल्या, आधी गुंडाळल्या जाणाऱ्या टोकाला मिळतं. वरच्या थराला ते घ्या. विरलेलं आत घाला, टाकून देऊ नका. आत ते वर्षानुवर्षं टिकतं, कारण त्याच्यावर घासणं येत नाही.

ठिणग्यांची भोकं आणि ठिगळं मात्र मुद्दाम वर ठेवायला सांगा. चांगली शिवणारी बाई भोकाखाली वेगळ्या रंगाचा तुकडा सरकवते आणि कडेने बारीक टाके घालते. हे न विचारता करणारी भेटली तर तिलाच काम द्या, बाकी चौकशी नंतर.

डाग काढायच्या फंदात पडू नये. केळीच्या चिकाचा डाग कशानेच जात नाही. हळदीचा उन्हात उडतो, पण साबण लागला की आधी लाल होतो, आणि घाबरून लोक ब्लीचिंग ओततात. ब्लीचिंगने डाग फिका होतो आणि त्या जागचं सूत कमजोर पडतं. वर्षभरात तिथे फाटतं. धुताना साधं गार पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही. खळ असेल तर दोन-तीन पाण्यांत पूर्ण काढायची. खळ राहिली तर कसर लागते.

वासाचं काय, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. न धुता शिवा, तिचा वास राहू दे, असं लेकी म्हणतात. शिवणारे काही जण गिऱ्हाईक दुखवायला नको म्हणून मान्यही करतात. करू नये. घाम आणि तेल लागलेलं कापड पाच थरांत बंद केलं की पहिल्या पावसाळ्यात त्याला बुरशी येते, आणि मग राहतो तो वास तिचा नसतो. वास हवाच असेल तर एक चोळी न धुता बाजूला काढा, स्वच्छ सुती फडक्यात गुंडाळा, डांबराच्या गोळ्या न घालता कोरड्या डब्यात ठेवा. गोधडी धुतलेल्या कापडाचीच.

इरकल असेल तर जास्त काळजी घ्यावी लागते. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलची ही लुगडी सोलापूर, सांगली, कोल्हापूर, मराठवाड्यातल्या घराघरांत असतात. अंग सुती, पदर लाल, रेशमाचा किंवा कृत्रिम रेशमाचा. हा पदर वेगळ्या ताण्याचा, म्हणजे वेगळ्या उभ्या धाग्यांचा असतो आणि अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो. जुन्या लुगड्यात नेमकी ती जोडरेषा कमजोर झालेली असते. पदर नि अंग सलग एका तुकड्यात वापरायचं असेल तर त्या रेषेखाली मलमलची चार बोटं रुंद पट्टी आलीच पाहिजे. दुसरी गोष्ट, लाल रंग. पांढरं ओलं फडकं पदरावर ठेवून गरम इस्त्री दाबा. फडकं गुलाबी झालं तर हा तुकडा फिकट कापडाशेजारी लावायचा नाही. मिठात किंवा तुरटीत भिजवून रंग पक्का होतो ही समजूत आहे, तसं होत नाही. रंग जाईतो वेगळं धुवा, नाहीतर लाल तुकडे सगळे एका बाजूला घ्या. पांढऱ्या धोतरावर उतरलेला लाल रंग पुन्हा निघत नाही, आणि बिघडलेल्या गोधड्यांतलं हे सगळ्यांत नेहमीचं कारण आहे.

चोळ्यांचे खण फेकू नका. गुळेदगुड्डच्या खणाच्या चोळीतून मोठा तुकडा निघत नाही, पण चार कोपऱ्यांना लावायला त्रिकोण छान निघतात. कोपरा हा गोधडी ओढताना हातात येणारा भाग, तिथे दुहेरी कापड हवंच. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका आपल्या गोधडीच्या कोपऱ्यांना अशीच दुमडलेली ‘फुलं’ लावतात आणि त्यांच्याशिवाय गोधडी उघडी मानतात. आपल्याकडे तेवढा नेम नाही, पण कारण समजण्यासारखं आहे.

कापड किती लागतं याबद्दल दुकानात आणि गावात वाट्टेल ते सांगितलं जातं, म्हणून हिशेब मांडतो. नऊवारी म्हणजे 324 इंच लांब, पन्हा म्हणजे रुंदी साधारण 48 इंच. मोठ्या माणसाची गोधडी 5 फूट बाय 7 फूट. म्हणजे धड नऊवारीतून क्षेत्रफळाने तीन थर निघतात. विरलेलं वगळलं तर दोनच धरा. पाच थरांची गोधडी, म्हणजे वर एक, खाली एक, मध्ये तीन, हवी असेल तर तीन नऊवारी पुरतात. मधल्या थरांना वडिलांचं धोतर घातलं तर दोन लुगड्यांत भागतं, आणि आमच्या मते हीच सगळ्यांत चांगली जुळणी: धोतराचं सूत मऊ, रंग न देणारं, आणि घरात ते तसंही पडून असतं. पाचापेक्षा जास्त थर घालू नका. सुई निघत नाही, टाके मोठे पडतात, आणि भिजली की गोधडी एकट्या माणसाला उचलत नाही. सहावारीत पाच-साडेपाच मीटरच असतात, त्यातून क्षेत्रफळाने जेमतेम दोन थर निघतात.

भावंडं चार असतील आणि भांडण नको असेल तर एक मोठी शिवण्यापेक्षा चार लहान शिवा. 3 फूट बाय 4 फूट हे माप नऊवारीसाठीच केल्यासारखं आहे: पन्हा चार फूट, आणि एक वार म्हणजे तीन फूट. एक वार कापड, एक थर. एका लुगड्याचे नऊ थर, तीन लुगड्यांचे सत्तावीस. चार गोधड्यांना पाचपाच म्हणजे वीस लागले, सात वार विरलेल्यासाठी सूट. कापताना प्रत्येक लुगड्याचा किमान एकेक वार चौघांत जाईल असं कापा, म्हणजे ‘तिचं हिरवं लुगडं थोरलीने नेलं’ हे पुढची वीस वर्षं ऐकावं लागत नाही. हे माप मांडीवर घ्यायला, नातवंडाला पांघरायला, प्रवासात न्यायला बरं पडतं. मोठी गोधडी बहुतेक घरांत दिवाणात जाते आणि तिथेच राहते.

आता शिलाई. हातची गोधडी पाहताना तीन गोष्टी तपासाव्यात. धावदोऱ्याच्या दोन ओळींत बोटभराचं अंतर, म्हणजे दीड सेंटिमीटरच्या आसपास, त्याहून जास्त नको. इंचाला तीन-चार टाके. आणि ओळी कडेपासून सुरू होऊन चौकोनात फिरत मध्याकडे गेलेल्या. मध्यापासून बाहेर शिवत आलं तर कापड ढकललं जाऊन शेवटी कडेला झालर येते, आणि ती लपवायला घाईघाईने दुमडलेली गोट मारतात. गोट कुठे जाड, कुठे बारीक दिसली की समजावं.

दोरा सुतीच. इथे अनेक चांगल्या शिवणारणीही चुकतात, कारण पॉलिस्टरचं रीळ तुटत नाही म्हणून त्यांना बरं वाटतं. पण दोरा कापडापेक्षा मजबूत असला की ताण आल्यावर दोरा तुटत नाही, कापड कापलं जातं. चाळीस वर्षं धुतलेल्या लुगड्यात पॉलिस्टरचा दोरा करवतीचं काम करतो. सुती दोरा तुटला तर टाका पुन्हा घालता येतो. कापड कापलं तर काही करता येत नाही. सुईही बघून घ्या. पोत्याचा दाभण घेऊन शिवणाऱ्या बायका अजून आहेत. जाड घोंगडीला तो ठीक, जीर्ण सुताला प्रत्येक टाक्याला भोक पाडतो.

मजुरीबद्दल. 5 बाय 7 च्या गोधडीत दीड सेंटिमीटरवर ओळी घातल्या तर एकूण धावदोरा 215 मीटरच्या घरात जातो. सवयीचा हात तासाला चार-पाच मीटर घालतो. म्हणजे एका बाईचे पन्नास तास, आणि घरचं, रानातलं सांभाळून दिवसाला तीन-चार तास मिळाले तर किमान दोन आठवडे. हजार रुपयांत हाताची गोधडी सांगणारा तिला तासाला वीस रुपये देतोय, नाहीतर ओळी तीन बोटांवर घालतोय, नाहीतर ती हातची नाहीच. तिसरी शक्यता तपासायला गोधडी उलटी करा. हातचा धावदोरा दोन्हीकडून तुटक दिसतो, टाका आणि मोकळी जागा. मशीनची शिवण दोन्हीकडून सलग असते. तीन दिवसांत देतो म्हणणाऱ्यालाही हाच नियम. गटातल्या तीन-चार जणी एकाच गोधडीवर बसल्या तर लवकर होते, पण मग चार हातांचे चार टाके दिसतात. काहींना ते खटकतं. आम्हाला नाही, वाकळ कधी एकटीने शिवलीच जात नव्हती, दुपारी ओसरीवर शेजारणी बसायच्या.

मशीनच्या गोधडीला सरसकट नावं ठेवण्यात अर्थ नाही. बाळाचं दुपटं किंवा नव्या सुताची दुलई मशीनवर उत्तम होते. जुन्या लुगड्याचा प्रश्न वेगळा. मशीन इंचाला दहा-बारा भोकं एका रेषेत पाडतं आणि विरलेलं कापड त्या रेषेवर टपाल तिकिटासारखं फाटतं. उपाय आहे: लुगड्याच्या प्रत्येक वरच्या तुकड्याला आतून मलमलचं अस्तर, टाक्याची लांबी 4 मिलिमीटर, आणि दाब कमी. हे सांगितल्यावर ‘करतो’ म्हणणारा शिंपी आणि ‘गरज नाही हो’ म्हणणारा शिंपी यांतला फरक सहा महिन्यांत कळतो. दुसरी खोड म्हणजे आत भरायचा पांढरा पॉलिस्टरचा कापूस. फुगीर दिसतो, हलका असतो, विकायला सोपा. ओळी लांब लांब असल्या तर दोन-चार धुण्यांत त्याचे गोळे होतात. मूळ मुद्दा असा की मग आतला भाग बाजारचा झाला. आईचं कापड फक्त अभ्रा उरलं.

कुरिअरवाल्यांचं काम दिसायला सगळ्यांत नेटकं असतं. तुकडे चौकोनी, रंग जुळवलेले, खोका सुंदर. नेटकेपणासाठी ते विरलेलं, डागाळलेलं, ठिगळाचं सगळं बाजूला काढतात, आणि जे बाजूला काढलं ते परत पाठवायचं त्यांच्या लक्षात राहतंच असं नाही. कपडे पाठवण्याआधी प्रत्येक लुगड्याचा पांढऱ्या चादरीवर ठेवून फोटो काढा, काठाला आतून रंगीत दोऱ्याची खूण घाला, आणि उरलेला तुकडान् तुकडा परत हवा हे लिहून घ्या. कापडावर फोटो छापून मध्यभागी लावायची त्यांची हौस टाळा. तो बहुतेकदा प्लास्टिकचा थर असतो, घडीवर तडकतो, आणि बऱ्याच आयांचा एकमेव सुटा फोटो आधार कार्डाचा असल्याने तडकायच्या आधीही तो बघवत नाही.

फोटोऐवजी नावाची पट्टी. ही मात्र नीट करावी, कारण इथे आयुष्य लिहायचं असतं आणि जागा असते वीतभर. साखळी टाक्याने, अक्षर किमान इंचभर उंच, जुन्या कापडावर नाही तर खादी किंवा मांजरपाटाच्या नव्या पट्टीवर भरून मग जोडायचं. संगणकी भरतकाम करणाऱ्यांकडे देवनागरीचा घोळ होतो: जोडाक्षर फुटतं, रफार भलत्याच अक्षरावर बसतो, ‘कृष्णाबाई’ची भलतीच कोणीतरी होते. आधी कागदावर छापून घ्या आणि घरातल्या दोघांनी वाचा.

काय लिहायचं? सासरचं नाव तर असतंच. माहेरचंही लिहा. त्या पिढीत लग्नात नाव बदलायची चाल सर्रास होती आणि नातवंडांना आजीचं मूळ नाव ठाऊकच नसतं. तिच्या माहेरचं कोणी हयात असेल तर आत्ताच विचारा. जन्मतारीख आधार कार्डावरून उचलू नका. शाळेत न गेलेल्या बाईच्या कार्डावरची 1 जानेवारी ही नोंदणाऱ्याने अंदाजाने घातलेली असते. साल काढायची घरगुती रीत जास्त भरवशाची: कोयनेचा भूकंप झाला तेव्हा, म्हणजे डिसेंबर 1967 ला, कोणतं मूल पोटात होतं, 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेली तेव्हा पाठीला कोण होतं, तिचं लग्न त्याआधी किती वर्षं. थोरल्या मुलाच्या वयावरून मागे मोजलं तर दोन-तीन वर्षांच्या अंतराने जन्मसाल येतं. तेवढंच लिहा, ‘सुमारे’ लावून. पट्टी पायाकडच्या कोपऱ्यात, खालच्या बाजूला. गालाला भरतकाम टोचतं.

जरीचा शालू किंवा पैठणी कापायला देऊ नका, कोणी कितीही सुंदर नमुना दाखवला तरी. जुन्या रेशमाला घडीवर चिरा पडतात, गोधडीत ते पहिल्या वर्षात सुटतं, आणि जुनी जरतार चांदीची असेल तर तिला वेगळी किंमत असते. ते लुगडं वर्षातून दोनदा घडी बदलून मलमलमध्ये ठेवावं.

तयार गोधडी पहिल्यांदा हातानेच धुवा, गार पाण्यात, टबात किंवा हौदात पायाने हलकं तुडवून. यंत्रात पिळली की जुनं सूत टाक्याजवळ उकलतं. भिजल्यावर तिचं वजन दुपटीच्या वर जातं, म्हणून एका दोरीवर टांगू नका, मधली ओळ तुटते. दोन दोऱ्यांवर किंवा खाटेवर पसरा, उलटी, सावलीत. आणि वापरा. कपाटात घडी घालून ठेवलेली गोधडी घडीवरच विरते. कुठे टाका सुटला तर त्याच आठवड्यात घालावा, नाहीतर बोट अडकून ओळ उसवत जाते. त्यासाठी गोधडी घेताना त्याच दोऱ्याचं अर्धं रीळ आणि प्रत्येक लुगड्याचा तळहाताएवढा तुकडा असलेली पिशवी मागून घ्या. द्यायला कोणी नाही म्हणत नाही, पण न मागितलेली पिशवी दुसऱ्या दिवशी केरात जाते.